सरकारी बर्फ

दुसऱ्या पाळीची बस निघायला अजून वेळ होता. बोईसर स्टेशनासमोर रिक्षावाले एकमेकांच्या पुढे चाक घालत उभे होते आणि मी चहाच्या टपरीवर, ज्याला त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, काश्मीरमध्ये सावल्या बर्फाला कशा चिकटून बसतात ते सांगत होतो. ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. नवरा-नवरीचा फोटो काढून झाला, जोडपं खाली उतरलं, तरी सावली आपली वरच. शेवटी मी स्वतः खरवडून काढली आणि कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ऐकणारे हसतात, एखादा म्हणतो, झुंबरकाका, अजून एक सोडा. तेवढ्यात कंपनीच्या निळ्या कपड्यांतल्या नागोरावने माझं कोपर धरलं आणि मला टपरीच्या मागे नेलं. तिथे गटाराच्या कडेला उभा राहून, पंचेचाळिशीतला, लेकीचं लग्न लावून दिलेला हा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, खरा बर्फ हातात घेतला की नेमकं काय होतं हो?"

मी तोंड उघडलं, आणि तोंडात काही नव्हतं. असं माझं होत नाही. कोणी काही विचारलं की उत्तर आधी येतं आणि ते खरं आहे की खोटं याचा विचार मागाहून, सवडीने. पण त्या दुपारी मला एवढंच आठवलं की मी मासळीबाजारातला बर्फ हातात घेतलेला आहे, गोळेवाल्याचा घेतलेला आहे. आकाशातून पडलेला बर्फ मी जन्मात पाहिलेला नाही. मी नगर जिल्ह्यातला. तिथून कामासाठी इकडे आलो आणि विरार ते डहाणू या पट्ट्याच्या बाहेर फारसा गेलोच नाही. काश्मीरचं सगळं मी कॅलेंडरांवरून उचललेलं. "पाणी होतं," मी म्हणालो. "आन् लागतं कसं?" "गार." "लई गार?" "नागोराव, झालंय काय?" तो गटाराकडे बघत म्हणाला, "जावयानं तिकिटं काढली. मनालीची. चौघांची. वर घाटात मे महिन्यातबी बर्फ असतो म्हणे. ठकीची माय हात लावून बघणार, काका. आन् मग सगळं संपलं."

ठकीची माय म्हणजे सुगंधा, नागोरावची बायको. सगळं म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको होतं. ते मीच उभं केलेलं होतं, पांढऱ्या राशीवर, भर एप्रिलमध्ये.

तेव्हा माझा स्टुडिओ नवा होता. म्हणजे स्टेशन रोडला एक गाळा, आत काळ्या कापडाची डार्करूम, आणि भिंतीला एक रंगवलेला पडदा: सरोवर, बदकं, मागे बर्फाचे डोंगर. डोंगर रंगवणाऱ्याने बर्फ पाहिला नव्हता. तो बर्फ दहीभात घातल्यासारखा दिसत होता. कारखाने नुकते उभे राहत होते, परभणी, नांदेड, खानदेश कुठकुठली पोरं येऊन जवळच्या कुंभवलीत खोल्या घेऊन राहत होती, आणि गावी जाऊन लग्न करून आली की पहिला फोटो माझ्याकडे. त्यांना बर्फ हवा असायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक गावाकडे पाठवायला. दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस गावाकडच्यांना भट्टी कशी पाठवणार? थंडी पाठवली की वाटतं, बरं चाललंय. पडद्यापुढचे फोटो मात्र लोक ओळखायला लागले, कारण एकाच बदकाच्या शेजारी अर्धी कुंभवली उभी होती. मग एकदा मी मासळी आणायला खाडीकडे गेलो असताना मिठागर पाहिलं.

मिठागर तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो, आणि हे खरं सांगतो. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, ते उन्हाने आटतं, मीठ वर येतं, ते फळीने ओढून बांधावर राशी घालतात. माणसाच्या तिप्पट उंच राशी, ओळीने, उन्हात बघवत नाहीत इतक्या पांढऱ्या. पाऊस येण्याआधी त्या गवताने शाकारतात, पण मार्च ते मेच्या अखेरपर्यंत उघड्याच असतात. लग्नाचा हंगामही तोच. माझ्या डोक्यात ते दोन्ही एकदम जुळलं आणि मी मासळी न घेताच परत आलो. काळ्या-पांढऱ्या रोलवर मीठ आणि बर्फ यांत फरक करून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. जुन्या कपड्यांच्या बाजारातून दोन लोकरी कोट, दोन मफलर, एक माकडटोपी आणली. जोडप्याला एस्टीने न्यायचं, राशीच्या पायथ्याशी कोट चढवायचे, कॅमेरा खाली जमिनीलगत लावायचा म्हणजे रास डोंगरासारखी उठते आणि खाडी दिसत नाही. आणि उन्हाची तिरीप मिठावरून अशी डोळ्यांत जायची की दोघंही डोळे बारीक करायची. काश्मीरच्या फोटोतही लोक तसेच डोळे बारीक करतात. तेवढी एक गोष्ट त्या फोटोंत अस्सल होती. घाम मात्र मोठी अडचण. नवरीच्या वरच्या ओठावर, नवऱ्याच्या कानशिलांवरून घाम निथळायचा. तो मी निगेटिव्हवर पेन्सिलने खोडायचो. नंतर पडणारा बर्फही जमायला लागला. टूथब्रश लाल रंगात बुडवून निगेटिव्हवर बोटाने शिंतोडे उडवायचे. तिथून उजेड जात नाही, छापताना ते पांढरे येतात. कधी एखादा शिंतोडा बरोबर नवऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावर पडायचा. तोही चालायचा. गावाकडे म्हणत असतील, बघा किती थंडी.

मिठागरावर डोंगरातली माणसं कामाला असायची, पावसाळ्यात आपापल्या उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी करणारी आणि दिवाळीनंतर इथे येऊन झोपड्या घालणारी. त्यांतला नवशा माझ्यासाठी राशीचा पुढचा भाग फळीने सारखा करून द्यायचा. पहिल्या दिवशी कोट घातलेलं जोडपं पाहून तो बराच वेळ फळीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "काका, ह्याना हिव लागलाय?" मी म्हटलं, बर्फात उभं राहायचं तर थंडी वाजणारच. त्याने राशीकडे पाहिलं, आपल्या पांढऱ्या पडलेल्या पोटऱ्यांकडे पाहिलं. "आमी इतकी वरसा बर्फात काम करताव," तो म्हणाला, "आमाला कोणी सांगला नाय." त्याची बायको मंगळी पाठीमागे टोपलं घेऊन उभी होती, ती इतकी हसली की टोपलं सांडलं. त्या दोघांचं लग्न व्हायचं होतं. दोन पोरं झालेली होती, पण त्यांच्यात तसं चालतं. संसार आधी, लग्नाचा खर्च जमेल तेव्हा. एका वर्षी त्यांचं लग्न लागलं, तेव्हा धाकट्याला कडेवर घेऊन मंगळी फोटोला उभी राहिली. मी कोट पुढे केला. तिने तो दोन बोटांत धरून बाजूला ठेवला. "माझा पोर घाबरल," म्हणाली. तो एकच फोटो मी तिथे बिनबर्फाचा काढला, आणि त्यात मागे तीच रास आहे, आणि ती मिठासारखी दिसते. हे कसं होतं मला कळलेलं नाही.

नागोराव आला तो यानंतर. लग्न करून थेट परभणीहून बायकोला घेऊन. त्याची तऱ्हा वेगळी होती. बाकीच्यांना गावाला दाखवायचा फोटो हवा असायचा. याला बायकोलाच बर्फ दाखवायचा होता. सुगंधाची थोरली बहीण फौजेतल्या एका शिपायाला दिली होती, त्याची नेमणूक वर कुठेतरी, आणि त्या बहिणीचा नवऱ्यासोबत बर्फात उभं राहून काढलेला फोटो माहेरच्या ओसरीवर लावलेला. लग्न ठरताना कोणीतरी हसत हसत म्हणालं असेल, आमच्या थोरल्या जावयानं पोरीला बर्फात उभी केली, तुम्ही काय करणार? आणि नागोराव, ज्याची नोकरीसुद्धा पक्की नव्हती, भर मांडवात बोलून गेला की बर्फ काय, आमच्या बोईसरलाच आहे. "काका," तो मला आदल्या दिवशी म्हणाला होता, "तिनं समुद्रबी बघितला नाही आन् बर्फबी. तुम्ही फक्त बोला. तुम्हाला येतं."

मला येत होतं. ती सकाळ मला नीट आठवते. किंवा इतक्या वेळा आठवली आहे की आता ती आठवण आहे की मी बसवलेली गोष्ट, हे सांगणं कठीण. सुगंधा हिरव्या चुड्याची, अंगाने बारीक, एस्टीतून उतरल्यापासून एक शब्द न बोललेली. राशींची ओळ दिसल्याबरोबर थांबली. नागोराव माझ्याकडे बघायला लागला. मी घसा साफ केला. म्हटलं, वहिनी, हा बर्फ. तिने मान वर न करता विचारलं, "उन्हात वितळत कसा नाही मग?" मी म्हटलं, हा सरकारी बर्फ आहे. इथं जवळच तारापूरला वीज करतात. एवढी वीज करायची तर यंत्रं तापतात, ती निववायला सरकार वरून, हिमालयातून, मालगाडीने बर्फ आणतं. त्यातला गारवा काढून घेतात आणि राहिलेला चोथा इथे आणून टाकतात. गारवाच नाही तर वितळणार काय? चोथा शब्द मला तिथल्या तिथे सुचला होता. नागोरावच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं की ते पुढे दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही: तो स्वतःच विश्वास ठेवत होता. सुगंधाने राशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं होय." आणि कोटात हात घातले. मी डब्यासारख्या कॅमेऱ्यावर वाकलो. कॅमेऱ्याच्या काचेत दोघं उलटी-सुलटी सरकत होती, ऊन माझ्या मानेवर होतं, आणि मला आठवतं की मला आत खोल कुठेतरी हुडहुडी भरल्यासारखं झालं. चांगली थाप बसली की मला तसं होतं. पाठीमागे मंगळी पुन्हा हसली. मी वळून पाहिलं तर ती नवरीकडे बघत होती आणि नवरी खाली बघत होती.

तो फोटो मी काढलेल्या फोटोंत सर्वांत चांगला आहे. तो कुंभवलीच्या त्यांच्या खोलीत आरशाच्या वर लावलेला असायचा. मी कधी गेलो तर सुगंधा शेजारणींना सांगत असलेली ऐकू यायची, आम्ही बर्फात गेलो होतो, नवी होते मी तेव्हा. आणि नागोराव बाजूला बसून बुटांचे बंद सोडायचा आणि मान हलवायचा. इतकी वर्षं ती इथे राहिली, तिला मिठागर कळलंच नाही का, असं मी टपरीमागे त्याला विचारलं, तर तो म्हणाला, खाडीकडं ती कशाला जाईल, आन् आता तर तिथं कोळंबीचे तलाव केलेत. ते खरं होतं. आगर बंद पडलं, रंगीत रोल आले आणि रंगीत रोलने माझा बर्फ घालवला. रंगात मीठ खालून तांबूस दिसतं आणि वरचं आकाश एप्रिलचं दिसतं. "मग सांगून टाक तिला," मी म्हटलं. "हसेल आणि सोडून देईल." नागोरावने मान हलवली. "काका, तिनं माझी एवढी एकच गोष्ट धरून ठेवलीय. पगार नव्हता, खोली गळकी, पोरगी तापानं फणफणलेली, तवाबी शेजारणीला सांगायची, आमच्या ह्यांनी मला बर्फात नेलं. आता तो टाका उसवला तर अख्खी वाकळ उसवंल. मी नाही जात. गुडघा दुखतो म्हणून सांगितलंय." बसने भोंगा दिला. तो गेला, आणि मी टपरीवर परत आलो तेव्हा माझी चहाची बशी कुणीतरी उचललेली होती.

दोन-तीन दिवसांनी सुगंधा स्वतः स्टुडिओत आली. दुपारची वेळ, पंखा गरम वारा ढकलत होता. अंगाने भरलेली, केसांत पांढरं, हातात पिशवी. आत येऊन पडद्याकडे, त्यावरच्या बदकांकडे बघितलं आणि म्हणाली, "झुंबरभाऊ, ते कोट हायेत का अजून? मनालीला लागतील म्हणून आले. उगं नवे कशाला घ्यायचे." मी म्हटलं, कसर लागली, टाकून दिले. ती खुर्चीवर बसली. कोटासाठी आलेली बाई कोट नाहीत म्हटल्यावर बसत नाही. मी काचेचं कपाट पुसायला लागलो.

"ते येत नाही म्हणतात," ती म्हणाली.

"गुडघा दुखतो ना."

"गुडघा काही दुखत नाही. परवा पत्रे बदलायला वर चढले होते." तिने पिशवी मांडीवर घेतली. "त्यांना भ्या वाटतंय, मला कळंल म्हणून."

मी फडकं थांबवलं नाही. "काय कळेल?"

"आता तुम्ही तरी येड घेऊ नका, भाऊ. मीठ होतं ते."

कपाटाच्या काचेत मला तिचा चेहरा दिसत होता, त्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "कधी कळलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तवाच. तुम्ही त्या डब्यात डोकं घालून बसला होता, हे तिकडं मफलर गुंडाळत होते, मी बोट लावून चाखलं. मीठ ओळखायला काय लागतं बाईमाणसाला? ती आदिवासी बाई बघत होती. मला म्हणाली, लई नको खाव, घसा सुकल. मग दोघी हसलो." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" सुगंधाने पदराने मान पुसली. "कशाला? लग्न होऊन महिना झाला नव्हता. मांडवात बोलले होते ते, आन् ते खरं करायला एवढी खटपट केली. तुम्हाला आणलं, कोट आणले, तुम्ही ती चोथ्याची गोष्ट सांगितली. एवढं कोण करतंय कुणासाठी? माझ्या बहिणीचा बर्फ खरा होता, पण त्यात तिच्या नवऱ्यानं काय केलं? त्याची बदलीच तिथं." आणि थोड्या वेळाने, "पहिल्यांदा वाटलं, उद्या सांगू. मग ते लोकांपुढं सांगायला लागले. मग कसं सांगायचं? त्यांना वाटलं असतं, ही इतकी वर्षं मनात हसत होती. मी त्यांना हसले नाही, भाऊ. पण ते तसंच धरतील."

ती काय मागायला आली होती ते मला तोवर समजलं होतं. तिला एकदा त्याच्या शेजारी खऱ्या बर्फात उभं राहायचं होतं, एवढंच. नुसतं लेकीबरोबर, जावयाबरोबर तिला जायचं नव्हतं. "काहीतरी थाप मारा," ती उठताना म्हणाली. "तुमच्या तोंडून त्यांना पटतं. कशी का होईना, त्यांना गाडीत बसवा."

ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसलो. मला तिच्याबद्दल, नागोरावबद्दल वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं. मला अपमान वाटत होता. चोथा! सरकारी बर्फाचा चोथा! ती थाप बसलीच नव्हती. ज्या हुडहुडीवर मी इतकी वर्षं उबेला बसलो होतो ती बोटभर मिठात विरघळली होती. आणि मग दुसरं काहीतरी हळूहळू वर यायला लागलं, डार्करूममध्ये पाण्यातल्या कागदावर चेहरा येतो तसं. तिने चाखलं, तर बाकीच्यांनीही चाखलं असेल. कोट घालून उभी राहिलेली ती सगळी जोडपी, घामाने भिजलेली, डोळे बारीक केलेली; ते डोळे उन्हाने बारीक केले होते की हसू दाबायला? टपरीवरचा तो, अजून एक सोडा म्हणणारा? मी बाजारातून चालत घरी निघालो. केळेवाल्याने हात वर केला, शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, काय काका, काश्मीर काय म्हणतंय, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे सगळं गाव मला वर्षानुवर्षं फोटोसारखं उभं राहून दाखवत आलं आहे, आणि पलीकडे डब्यात डोकं घालून बसलेला मी एकटाच आहे. रस्त्यावर मे महिन्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि माझी बोटं मात्र गार पडली होती. घरी येऊन मी पाण्यात मीठ टाकून गुळण्या केल्या. घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की नागोरावला खरं सांगायचं. चांगुलपणा म्हणून नव्हे. थापेवरचा माझा विश्वास उडाला होता आणि दुसरं हत्यार माझ्याकडे नव्हतं. पाळी सुटल्यावर त्याला मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर गाठलं. बाजूला सुक्या मासळीवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "नागोराव, सुगंधाला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. तिने चाखून बघितलं होतं."

मग त्याच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं, आणि ते इतकं मायेचं होतं की मला पळून जावंसं वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका," तो म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून सांगताय. कळतं मला. पण ही नाही जमली. चाखलं म्हणे!"

"अरे, काल येऊन सांगून गेली."

"बरं, बरं."

"तुझी शपथ."

"तुम्ही त्या सावलीच्या गोष्टीलाबी शपथ घेता."

एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून निघालेलं एक खरं वाक्य माझ्या डोळ्यांदेखत थाप होऊन पडलं. मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ते जास्तच खोटं वाटायला लागलं, मलासुद्धा. मंगळी हसली होती, हे मी सांगितलं तेव्हा माझ्याच कानाला ते जोडकाम वाटलं. नागोराव बसकडे वळला. तो तसाच निघून गेला असता तर त्याचं तिकीट वाया गेलं असतं, आणि ती लेकीबरोबर गेली असती किंवा गेलीच नसती. आणि मग माझा हात, माझा म्हणून सांगतो, डोक्याला न विचारता खाली गेला आणि टोपलीतला एक सुका बोंबील उचलून आला.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"बोंबील."

"आणि समुद्रातून काढतात तेव्हा कसा असतो? हातात धरवत नाही, नुसतं पाणी. हा आणि तो एकच मासा, हे परभणीत कुणाला सांगितलंस तर पटेल? बर्फाचंही तसंच, नागोराव. तिकडचा तो ओला. आपला तो सुका. हिमालयातून मालगाडीने इतक्या लांब आणायचा, तर तसाच कसा टिकेल? मासळी टिकवतात तसा मीठ लावूनच आणत. खारवलेला. त्यातली थंडी काढून घेतली की खाली राहतो तो सुका बर्फ. म्हणून तो वितळत नव्हता, म्हणून गार नव्हता, आणि उद्या तिने म्हटलंच की मला खारट लागला होता, तरी तुझं काही बिघडत नाही."

मासळीवाली मावशी बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. "घेतोस काय?" ती म्हणाली. "नायतर ठेव खाली. शाळा घेतोय बोंबलाची."

नागोराव हलला नाही. त्याचे ओठ पुटपुटत होते: ओला, सुका, मालगाडी, मीठ. त्याने बोंबील माझ्या हातातून घेतला, वाकवून पाहिला. "हे पटंल तिला," तो म्हणाला. बाजारातल्या गर्दीत त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं, मिठागरावर आलेलं. तो पुन्हा स्वतः विश्वास ठेवायला लागला होता. मी मावशीकडून बोंबील घेतले. खाणार कोण, हा प्रश्नच होता. माझ्या पोटाला सुकी मासळी सोसत नाही. मला हुडहुडी भरली नाही.

ते गेले. चौघंही गेले. मी त्या दिवसांत टपरीवर फारसा बोललो नाही. लोक म्हणाले, काकाला ऊन लागलं. मला सारखा एक घाट दिसायचा, जो मी पाहिलेला नाही, आणि त्यावर नागोराव उभा राहून माझी गोष्ट सांगतोय, आणि सुगंधा ऐकते आहे. ती ऐकून घेईल, मान हलवेल, याबद्दल मला शंका नव्हती. तेच मला नको होतं. तिने मागितलं, मीच घडवलं, आणि आता माझ्या डोळ्यांपुढे ती पुन्हा एकदा खाली बघून, असं होय, म्हणत होती. आणि बर्फ खरा असूनसुद्धा ती दोघं एकेकटीच उभी होती.

जूनच्या तोंडाशी सुगंधा रोल धुवायला घेऊन आली. नाकाचा शेंडा सोललेला, ओठ फुटलेले. रोल काउंटरवर ठेवला. म्हणाली, लेक-जावयाचे हायेत सगळे. "आणि तुमचा दोघांचा?" मी विचारलं. "नाही काढला. गडबडीत राहिला." मी रोल हातात फिरवत राहिलो. मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. तीच म्हणाली, "सांगितली त्यांनी. तुमची बोंबलाची."

"ऐकलीस?"

"ऐकत होते की. वर भरपूर बर्फ, गुडघ्यापर्यंत पाय जात होते. मी हात घातला. हे लगेच पुढं आले आन् म्हणाले, अगं, हा ओला, आपला तो सुका होता. जावई बाजूलाच उभे. ह्यांनी मालगाडीपर्यंत सांगितलं. मग दात वाजायला लागले, आन् पुढचं आठवंना. म्हणाले, तिकडं नेताना त्याला… त्याला… नुसते माझ्याकडं बघायले. भाऊ, इतके हाल बघवंनात. माझ्या तोंडून निघून गेलं, मीठ लावायचे."

पंख्याखाली पडदा हलत होता. "मग?" मी म्हटलं.

"मग काय. मला वाटलं, आता हे खाली बसतात. बराच वेळ बघत राहिले माझ्याकडं. जावई म्हणाले, मामा, बर्फाला कुठं मीठ लावतात का? तर ह्यांनी जावयाकडं बघितलंबी नाही. माझ्याकडंच बघत म्हणाले, तुमच्या सासूबाईला इचारा. तिनं चाखलाय."

"आणि तू?"

"मी म्हटलं, व्हय. चांगला खारट होता."